घट बसले की टोमॅटोचं बी पेरा

पुण्यात टोमॅटो बियांपासून करायचा असेल तर नवरात्र सोडू नका. पाऊस ओसरलेला असतो, ऊन छान मिळतं आणि हिशोब लक्षात ठेवायला एकदम सोपा, घट बसले की बी पेरायचं, दिवाळीच्या आसपास रोप मोठ्या कुंडीत आणि संक्रांतीच्या आगेमागे पहिले टोमॅटो. फेब्रुवारीत पेरलं तर फुलं येतात नेमकी एप्रिलमध्ये, आणि 35 डिग्रीच्या वर पारा गेला की ती गळायला लागतात.

बी शक्यतो पाकिटातलं घ्या. पुसा रुबी, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं धनश्री, किंवा रोगाला दाद न देणारं हवं असेल तर अर्का रक्षक, पण ते हायब्रीड आहे, त्याचं बी पुढच्या वर्षीसाठी ठेवून उपयोग नाही. घरच्या गावरान टोमॅटोचं बी असेल तर गर वाटीत थोड्या पाण्यात दोन दिवस ठेवा, वरती फेस आला की चोळून धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. बियाभोवती जो बुळबुळीत थर असतो ना, तो उगवण अडवतो म्हणून हा खटाटोप.

पेरायला चहाचे कागदी कप चालतात, दुधाच्या पिशव्याही, फक्त खाली भोकं पाडायला विसरू नका. निम्मं भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मं गांडूळखत. एका कपात दोन बिया, अर्धा सेंटीमीटर खोल, बास. पाणी झारीने किंवा स्प्रेने द्या, नुसती ओल राहिली पाहिजे. 5 ते 8 दिवसांत आधी वाकलेली मान वर येते, कधीकधी बियाचं टरफल पानांच्या टोकाला टोपीसारखं अडकलेलं असतं, ते ओढू नका, पाण्याचा थेंब लावा, आपसूक सुटतं.

खरं काम इथून पुढे. कोंब दिसला त्या दिवसापासून कप उन्हात पाहिजेत. मी पहिल्या वर्षी कौतुकाने सगळे कप किचनच्या खिडकीत ठेवले होते, आठवड्यात रोपं काटकुळी होऊन काचेकडे झुकली, त्यात मी रोज सकाळ संध्याकाळ पाणी घालत होते, मग खोड मातीलगत काळं पडून एकेक रोप आडवं झालं. फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून एकच नियम, बोट लावून बघायचं, वरची माती कोरडी लागली तरच पाणी, आणि ते पण सकाळी. पहिली दोन पानं साधी असतात, त्यानंतर कातरलेली खरी पानं आली की कपातलं अशक्त रोप कात्रीने कापून टाका. उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात.

साधारण चार आठवड्यांत रोप वीतभर होतं, चार-पाच खरी पानं येतात. लावायच्या आधी आठवडाभर पाणी थोडं कमी करा आणि ऊन रोज थोडं वाढवा म्हणजे रोप कणखर होतं. कुंडी किमान 12 इंची, किंवा रंगाची 20 लिटरची बादली, आणि एका कुंडीत एकच रोप. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, रोप खोल लावा! एरवी आपण रोप जेवढं मातीत होतं तेवढंच लावतो, टोमॅटोचं तसं नाही. खोड जवळून बघा, बारीक लव असते आणि खाली कधी कधी पांढुरके फोड दिसतात, ती मुळंच असतात फुटायच्या तयारीत. खालची पानं खुडून टाका आणि निम्म्याहून जास्त खोड मातीत जाऊ द्या. गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात, त्यामुळे उंच काटकुळं झालेलं रोपसुद्धा वाचतं. हे काम संध्याकाळी करा, मग भरपूर पाणी, दोन-तीन दिवस दुपारच्या उन्हापासून आडोसा.

काठी त्याच दिवशी रोवायची, नंतर रोवली तर मुळं तुटतात. सुतळी सैल बांधा, खोड जाड होणार असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पानं मलूल दिसली तरी घाबरून पाणी ओतत बसू नका, मातीत बोट घाला, आत ओल असेल तर थांबा. दोन-तीन दिवसांत शेंडा ताठ झाला की समजायचं रोपाने जीव धरला.