डोमेन जोडलं तरी साइट उघडत नाही? बिघाड कुठल्या बाजूला आहे ते आधी शोधा

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरचं चपलांचं दुकान असो की शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री, छोट्या साइटला शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक साइटनी वाटून घेतलेला भाड्याचा सर्व्हर, पुरतं. अडचण येते ती डोमेन, म्हणजे साइटचं नाव, जोडताना. डोमेन एका कंपनीकडून घेतलेलं असतं, होस्टिंग दुसरीचं आणि साइट बनवणारा तिसराच. मग फोन येतो, "दादा, साइट दिसंना झालीया." अशा वेळी घाईघाईत नेमसर्व्हर (डोमेनचा पत्ता सांगणारे सर्व्हर) बदलले जातात, रेकॉर्ड (त्यातल्या नोंदी) पुसले जातात, प्लगइन काढले जातात. मूळ बिघाड तसाच राहतो आणि त्यावर नवे दोन चढतात.

म्हणून हात लावण्याआधी एवढं समजून घ्या, की डोमेन जोडणं हे दोन बाजूंचं काम आहे. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच आयपीवर, म्हणजे सर्व्हरच्या आकड्यांतल्या पत्त्यावर, शेकडो साइट असू शकतात. शाहूपुरीतल्या एखाद्या व्यापारी संकुलासारखंच हे. गिऱ्हाइकाला संकुलाच्या दारापर्यंत आणणं हे डीएनएसचं, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचं, काम आणि आत तुमचा गाळा कोणता ते सांगणं होस्टिंग सर्व्हरचं. सर्व्हर गाळा ओळखतो तो ब्राउझरने पाठवलेल्या डोमेनच्या नावावरून. त्यामुळे ब्राउझरमध्ये नुसता आयपी टाकून साइट तपासायला जाऊ नका, त्यातून काहीच कळत नाही.

तयारी

डोमेनच्या खात्याचं लॉगिन, होस्टिंगचं लॉगिन, आणि होस्टिंग घेतल्यावर आलेली ती पहिली ईमेल, जिच्यात सर्व्हरचा आयपी आणि नेमसर्व्हर लिहिलेले असतात. ही तिन्ही हाताशी घ्या. डोमेन साइट बनवणाऱ्याने स्वतःच्या खात्यावर घेतलं असेल, तर ते आधी तुमच्या नावावर करून घ्या. धंद्याचं नाव दुसऱ्याच्या खात्यात ठेवू नये, हे मी प्रत्येकाला सांगतो.

मग डीएनएसच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. उद्या काही बिघडलं तर परतीचा रस्ता तोच.

पायरी १ : स्क्रीन काय सांगते ते वाचा

'एनएक्सडोमेन' असा शब्द दिसला तर नावाचा पत्ताच सापडत नाही, म्हणजे दोष डीएनएसच्या बाजूला. डोमेन विकणाऱ्या कंपनीचं जाहिरातीचं पान आलं तरी तेच. होस्टिंग कंपनीचं ठरावीक पान आलं तर गिऱ्हाईक दारापर्यंत पोचलंय, गाळा सापडत नाही. 'इंडेक्स ऑफ' असं रिकामं पान म्हणजे फोल्डर सापडलं, पण साइटच्या फाइल त्यात नाहीत. 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' ही सूचना बहुतेक वेळा एसएसएलची, म्हणजे साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची, असते.

पायरी २ : नेमसर्व्हर

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. डोमेनच्या खात्यात ए रेकॉर्ड, म्हणजे डोमेनचा आयपी सांगणारी नोंद, बदलला, नीट सेव्ह केला, दोन दिवस वाट पाहिली आणि काहीच झालं नाही. कारण नेमसर्व्हर आधीच होस्टिंग कंपनीचे लावलेले असतात. जग त्यांनाच विचारतं, डोमेन कंपनीच्या पानावर तुम्ही काय लिहिलंय ते कुणी वाचतच नाही. नेमसर्व्हर ज्याचे, रेकॉर्ड त्याच्याकडेच बदलायचे.

तपासायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत एनएसलुकअप (nslookup) लिहा, जागा सोडून डोमेन आणि पुन्हा जागा सोडून ८.८.८.८. हा गुगलचा सार्वजनिक डीएनएस, त्यामुळे तुमच्या इंटरनेट कंपनीकडे साठलेलं जुनं उत्तर मध्ये येत नाही. उत्तरातला आयपी होस्टिंगच्या ईमेलमधल्या आयपीशी जुळला की ही बाजू जवळजवळ ठीक समजा.

आयपीच आला नाही, तर व्हूइज माहितीत (डोमेनच्या नोंदणीचा सार्वजनिक तपशील) डोमेनची स्थिती पाहा. तिथे 'होल्ड' असेल तर डोमेन डीएनएसमधून बाहेर काढलेलं असतं. डॉट कॉमसारख्या डोमेनला मालकाचा ईमेल १५ दिवसांत पडताळावा लागतो. पडताळणीची ती ईमेल स्पॅममध्ये पडून राहते आणि डोमेन बंद होतं.

पायरी ३ : रेकॉर्ड

मूळ डोमेनसाठी ए रेकॉर्ड लागतो आणि त्याच्या नावाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी @ हे चिन्ह टाकतात. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी मूळ डोमेनकडे बोट दाखवणारा सीनेम पुरतो. मूळ डोमेनवर साधा सीनेम लावता येत नाही. तिथे नेमसर्व्हरसारखे दुसरे रेकॉर्ड असतातच आणि सीनेम त्यांच्याशेजारी राहू शकत नाही.

आता काही नेहमीच्या चुका. नवा ए रेकॉर्ड घातला पण जाहिरातीच्या पानाचा जुना पुसलाच नाही, तर साइट कधी उघडते, कधी नाही. नावाच्या रकान्यात पूर्ण डोमेन लिहिलं आणि पॅनेलने पुढे ते पुन्हा जोडलं, की डोमेन दोनदा असलेला निरुपयोगी रेकॉर्ड तयार होतो.

एक चूक मात्र भल्याभल्यांना चकवते. ऑफिसच्या ब्रॉडबँडवर नवी साइट दिसते आणि जिओच्या मोबाइलवर जुनीच. ब्राउझरची कॅश साफ करून, फोन बंद-चालू करूनही फरक पडत नाही. अशा वेळी चार ए असलेला (AAAA), म्हणजे आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या आयपीचा रेकॉर्ड शोधा. ए रेकॉर्ड बदलला पण हा जुन्या सर्व्हरचाच राहिला, तर आयपीव्ही६वर चालणारे फोन तिकडेच जातात. नव्या होस्टिंगने आयपीव्ही६ पत्ता दिला नसेल तर तो रेकॉर्ड काढून टाका.

ईमेल सांभाळा

नेमसर्व्हर बदलले की सगळे रेकॉर्ड नव्या जागेवरून वाचले जातात, ईमेल कुठे पोचवायची ते सांगणारे एमएक्स रेकॉर्डसुद्धा. ते तिकडे आधी भरले नाहीत तर साइट सुरू होते आणि ईमेल बंद पडते. कारखान्याला साइट दोन दिवस बंद चालेल, पण पुण्याहून येणारी पर्चेस ऑर्डर अडकलेली चालत नाही. म्हणून एमएक्स आणि ईमेल खरी तुमचीच आहे हे पटवणारे एसपीएफ, डीकेआयएमचे टीएक्सटी रेकॉर्ड आधी नव्या ठिकाणी उतरवा, मगच नेमसर्व्हर बदला. ईमेल दुसऱ्या सेवेवर असेल तर मला तरी नेमसर्व्हर न हलवता फक्त ए रेकॉर्ड बदलणंच बरं वाटतं.

वाट किती पाहायची

ते टीटीएलवर, म्हणजे रेकॉर्डचं उत्तर इतरांनी किती सेकंद साठवून ठेवायचं त्या आकड्यावर, अवलंबून. सीपॅनेल या होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये हा आकडा बहुधा १४४०० सेकंद, म्हणजे ४ तास असतो. बदल करायच्या आदल्या दिवशी तो ३०० करून ठेवला तर दुसऱ्या दिवशी काम मिनिटांत होतं. नेमसर्व्हरच्या बदलाला मात्र २४ ते ४८ तास धरा आणि तेवढ्या वेळात पुन्हा काही बदलू नका.

पायरी ४ : होस्टिंगची बाजू

सीपॅनेलमधल्या 'डोमेन्स' या भागात तुमचं डोमेन यादीत आहे का ते पाहा. नसेल तर जोडा आणि डॉक्युमेंट रूट म्हणजे साइटचं फोल्डर नीट द्या. साइट एका फोल्डरमध्ये आणि डोमेन दुसऱ्याच फोल्डरकडे, हा घोळ फार होतो. होस्टिंगचं खातं बदललं असेल तर जुन्या खात्यातून डोमेन काढा. दोन्ही खाती एकाच कंपनीकडे असली की नवं खातं ते डोमेन घेतच नाही.

साइट वर्डप्रेसवर बनवलेली असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये पत्त्याचे दोन रकाने असतात आणि दोन्हींत नवं डोमेन हवं. ते डीएनएस चालू होण्याआधीच बदललं तर तुम्ही स्वतःच बाहेर अडकता. मग फाइल मॅनेजरमधून कॉन्फिग फाइलमध्ये होम आणि साइटयूआरएल या दोन ओळी घालाव्या लागतात.

पायरी ५ : एसएसएल

हे शेवटी, कारण डोमेन सर्व्हरपर्यंत पोचल्याशिवाय मोफत प्रमाणपत्र सहसा मिळतच नाही. पोचल्यावर सीपॅनेलमध्ये ऑटोएसएसएल चालवा. मध्ये क्लाउडफ्लेअर ही सेवा असेल, म्हणजे साइटची ये-जा तिच्यातून होत असेल, आणि पान सारखं स्वतःकडेच फिरत असेल, तर तिथली 'फ्लेक्सिबल' सेटिंग बदलून 'फुल' करा. पण त्याआधी होस्टिंगवर प्रमाणपत्र बसलेलं असू द्या.

एवढ्यावरही अडलं तर होस्टिंगच्या सपोर्टला नुसतं 'साइट चालत नाही' असं लिहू नका. डोमेन, एनएसलुकअपचं उत्तर, स्क्रीनवरची सूचना जशीच्या तशी, कोणत्या नेटवर्कवर काय दिसतं आणि शेवटचा बदल किती वाजता केला, हे लिहा. एवढं दिलं की समोरच्याला पुन्हा तेच प्रश्न विचारावे लागत नाहीत.