वादळ बाजूने गेलं, तरी कुरणात लगेच गुरं सोडू नका

टोर्नेडो म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा, गरगर फिरणाऱ्या वाऱ्याचा खांब. त्याच्या नासधुशीचा पट्टा बहुतेक वेळा काहीशे मीटरच रुंद असतो. त्यामुळे एकाची गंजी, गोठा, बाग सगळं उद्ध्वस्त होतं आणि बांधापलीकडचं शेत जसंच्या तसं हिरवं दिसतं. हा सल्ला मुख्यतः त्या पलीकडच्या शेतकऱ्यासाठी आहे. ज्याचं गेलं तो सावध असतोच. ज्याचं वाचलं तो दुसऱ्याच दिवशी गुरं चरायला सोडतो, आणि तिथेच घात होतो.

वसंतापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, खाली गरम दमट हवा आणि वर कोरडी थंड हवा असली की मोठ्या गडगडाटी ढगांतून टोर्नेडो उतरतात. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ च्या टोर्नेडोत सुमारे १,३०० माणसं गेली. अमेरिकेत १८ मार्च १९२५ च्या टोर्नेडोचा पट्टा सुमारे ३५० किलोमीटर लांब होता. एवढ्या वाटेवरची छपरं, कुंपणं, कोठारं वाऱ्याने उचलली की त्यांचे तुकडे पट्ट्याबाहेरही दूरवर पडत जातात.

आधी पट्टा कुठून गेला ते ओळखा. पडलेली झाडं पाहा. सरळ वाऱ्याने पडलेली झाडं साधारण एकाच दिशेला झोपतात. टोर्नेडोत दोन्ही कडांची झाडं बऱ्याचदा मधल्या रेषेकडे शेंडे करून पडतात. ती रेष सापडली की तिच्या दोन्ही बाजूंची शेतं तपासायच्या यादीत घ्या, हिरवी दिसली तरीही. तुटलेल्या विजेच्या तारेजवळ मात्र जाऊ नका. तार कुंपणावर पडली असेल तर दूरवरच्या कुंपणातही वीज उतरलेली असू शकते. वीज बंद केल्याची खात्री मिळेपर्यंत कुंपणाला हात लावू नका.

आता गुरांचं. गाय चारा निवडून खात नाही, जिभेने ओढते आणि गिळते. गवतातला बोटभर तारेचा तुकडा तसाच पोटात जातो, पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकतो आणि पुढे हृदयाच्या दिशेने टोचत जातो. लक्षणं कधी काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतात: खाणं आणि रवंथ मंदावते, दूध एकदम घटतं, पाठ कमानीसारखी होते, कोपरं बाहेर काढून उभी राहते, उतारावरून चालायला नको म्हणते, बसता-उठता कण्हते. असं दिसलं तर अपचनाचं औषध देत दिवस घालवू नका, पशुवैद्याला बोलवा आणि वादळाचं आवर्जून सांगा. तारेचा तुकडा धरून ठेवायला पोटात लोहचुंबक सोडण्याचा उपाय त्यांना ठाऊक असतो. आधीच सोडून घेतला तर जास्त बरं.

ट्रॅक्टरमागे चुंबकपट्टी ओढली की खिळे आणि तारा निघतात. काच, ॲल्युमिनियमचे पत्रे, छताखालचं ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) चुंबकाला लागत नाही. ते ओळीने चालत, जाड हातमोजे आणि जाड तळाचे बूट घालून हातानेच वेचावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला दुसरा मार्ग नाही. सिमेंटचे जुने पत्रे फुटले असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासावाटे फुफ्फुसांना घातक ठरणारे खनिज तंतू, असू शकतं. ते ओले करूनच उचला, आणखी फोडू नका. पाण्याच्या टाक्या उपसून धुवा.

कचरा पडलेल्या चाऱ्याची कुट्टी मुळीच करू नका. यंत्र लांब तारेचे नेमके गिळता येतील असे तुकडे करतं, आणि मग ते वेगळे काढणं अशक्य होतं. काच किंवा ग्लासवूल शिरलेली गंजी गुरांपुढे टाकू नका. नुकसान जिवाला लागतं, पण ती वैरण गेलीच असं धरा.

आवरायला घेण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा. भरपाईच्या पंचनाम्याला ते लागतात.

मक्याचं पीक सहा पानांच्या आत असेल तर वाढीचा कोंब अजून जमिनीखाली असतो. लगेच नांगरू नका, आठवडाभर थांबून नवं पान फुटतं का ते पाहा. कललेली तरुण झाडं मुळं ओली असेपर्यंत, एक-दोन दिवसांतच, उभी करून बांधा. मोठं झाड दुसऱ्यावर वाकून ताणलेलं असेल तर करवत लावू नका. ताण सुटताना खोड उसळतं. ते काम जाणकाराचं.

कुरण एकदा वेचून झालं तरी एक चांगला पाऊस जाऊ द्या. माती बसली की दबलेले खिळे वर दिसू लागतात. तेव्हा पुन्हा एक फेरी मारा, आणि मगच फाटक उघडा.