फोल्डिंग कॅमेरा आणि एक रोल : घरी धुण्याआधीची तयारी

मराठवाड्यात घरी फिल्मचा रोल धुवायचा, म्हणजे रसायनांनी त्यावर चित्र उमटवायचं, तर तयारी कॅमेऱ्यापासून नाही, पाण्यापासून सुरू करा. बोअरचं पाणी जड असतं. निगेटिव्ह वाळली की थेंबाच्या जागी क्षाराचा डाग उरतो आणि तो नेमका मोकळ्या आभाळात दिसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी २ लिटर आणून ठेवा. त्यातलं लिटरभर डी-७६ (चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरची पावडर) विरघळवायला, पाव लिटर ते पातळ करायला, अर्धा लिटर शेवटच्या खळखळीला. पावडर ५० अंशांच्या पाण्यात विरघळते, म्हणून हे काम आदल्या रात्रीच उरका आणि गडद बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करा.

मग कॅमेरा. अंधाऱ्या खोलीत मागचं झाकण उघडून आत छोटी टॉर्च धरा आणि भात्याचे (भिंगामागच्या घडीच्या पडद्याचे) कोपरे बाहेरून पाहा. छिद्रं घडीच्या टोकांवरच पडतात, आणि आग्फा आयसोलेट या जुन्या फोल्डिंग कॅमेऱ्याचा भाता तर याबद्दल कुप्रसिद्धच आहे. शटर सगळ्या वेगांवर चालवून बघा. १ सेकंदाला रेंगाळत असेल तर जुनं वंगण घट्ट झालंय. १/१०० नीट असेल तर तेवढ्यावर भागतं. सेल्फ-टायमरला मात्र हात लावू नका, तो अडकला की शटरही अडकतं.

फिल्म १२० ची (कागदी पाठीचा रुंद रोल), आयएसओ म्हणजे प्रकाश टिपायची क्षमता १२५ असलेली एफपी४ प्लस घ्या. ४०० ची फिल्म इथल्या उन्हात १/२०० पर्यंतच जाणाऱ्या शटरला झेपत नाही. वेरूळला जाणार असाल तर मंगळवार टाळा, लेणी बंद असतात. लेण्यांची तोंडं पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर जा. उन्हातल्या दगडाला एफ १६ वर (एफचा आकडा मोठा तितकं भिंगाचं छिद्र लहान) १/१००, कैलास लेण्याच्या सावलीतल्या चौकात एफ ५.६. ७५ मिमीचं भिंग एफ ११ वर १० मीटरला लावलं की ५ मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. कॅमेरा सावकाश उघडा. झटक्याने उघडला तर भाता हवा ओढतो आणि फिल्म पुढे फुगते. म्हणूनच रोल पुढचा आकडा येईपर्यंत फिरवायचा तो कॅमेरा उघडल्यावर. मागची लाल खिडकी आकडा बघण्यापुरतीच उघडा, तीही अंगाच्या सावलीत.

टँकमध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या धुण्याच्या डब्यात, फिल्म रात्री अंधारात भरा. दिवसा चेंजिंग बॅगेत (हात घालायची अंधारी पिशवी) हातांना घाम सुटतो आणि ओलसर रीळावर फिल्म अडकते. फिल्ममागचा कागद सोडवत गेलात की आधी फिल्मचं मोकळं टोक हाती लागतं, तेच रीळात घाला; चिकटपट्टी शेवटी येते, ती हळूहळू सोलायची.

तापमानाचं खरं दुखणं उन्हाळ्यात. घमेल्यात पाणी आणि बर्फ झालेल्या बाटल्या ठेवून त्यात डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणी एकत्र गार करा. डेव्हलपरमध्येच बर्फ टाकला तर तो पातळ होतो. डी-७६ आणि पाणी २५०-२५० मिली, २० अंशांना ११ मिनिटं. २४ अंशांना साधारण ८. त्याहून गरम असेल तर वेळ इतका आखडतो की पट्टे उमटू लागतात, तेव्हा थांबून पुन्हा गार करा. पहिली ३० सेकंद सतत, नंतर दर मिनिटाला १० सेकंद टँक उलटासुलटा करून खाली हलकेच आपटा, नाहीतर बुडबुड्यांचे गोल ठिपके राहतात. मग लिटरला १५ ग्रॅम लिंबूसत घातलेलं पाणी अर्धा मिनिट, आणि एक भाग रॅपिड फिक्सरला चार भाग पाणी घालून ५ मिनिटं. गार डेव्हलपरमधून फिल्म एकदम कोमट पाण्यात गेली तर इमल्शनला (फिल्मवरच्या चित्राच्या थराला) सुरकुत्या पडतात, त्या पुन्हा निघत नाहीत.

धुवायला नळ सोडून ठेवायची गरज नाही, लातूरकरांना तर हे सांगायलाच नको. टँक भरून ५ वेळा उलटा, पाणी बदलून १०, पुन्हा बदलून २०. दीड लिटरमध्ये काम होतं. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो शोषखड्ड्यात किंवा झाडांना न घालता कॅनमध्ये साठवा. शेवटी डिस्टिल्ड पाण्यात वेटिंग एजंटचे (पाण्याचे थेंब साचू न देणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब, आणि फिल्म बाथरूममध्ये खाली चिमटा लावून टांगा. आधी भिंतींवर पाणी शिंपडून धूळ बसवा आणि सकाळपर्यंत पंखा लावू नका.