फवारणीनंतर अंग गार आणि चिकट लागले, तर तो थकवा समजू नका

ऑगस्टअखेर पऱ्हाटी (कपाशी) छातीला लागते, झडीनंतर उघडीप मिळते आणि सगळ्या शिवारात एकदम फवारणी सुरू होते. २०१७ साली याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले. तरीही एक हयगय मी दरवर्षी पाहतो: पंप उतरवून बांधावर बसलेल्या माणसाचा सदरा पाठीला चिकटलेला असतो, हात माठाच्या बुडासारखा गार व ओलसर लागतो आणि घरचे मात्र ऊन लागले म्हणून लिंबूपाणी पाजतात.

उन्हाच्या थकव्यातही अंग गार व घामट होते, हे खरे. परंतु त्यासोबत लाळ सुटणे, मळमळ, धूसर दिसणे, स्नायू फडफडणे किंवा डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकाची बाधा समजावी. फवारणी केलेल्याचे अंग असे लागले, तर मी दुसऱ्या लक्षणाची वाट पाहत नाही.

प्रथम १०८ ला फोन करावा. रुग्णाला वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, फवारलेल्या शेताबाहेर न्यावे, सर्व कपडे उतरवून साबण व भरपूर पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावे. केस, काखा, जांघा व नखे सोडू नयेत. धुणाऱ्याने हातमोजे, नसल्यास प्लास्टिकच्या पिशव्या हातांत घालाव्यात. दूध, तूप, मीठपाणी देऊ नये, उलटी काढू नये. शुद्ध हरपत असल्यास कुशीवर निजवावे. औषधाची बाटली लेबलासह डॉक्टरांना दाखवावी, कारण ॲट्रोपिन हा उतारा प्रत्येक विषावर चालत नाही. बरे वाटले म्हणून लगेच घरी आणू नये; मान धरवेनाशी होणे व श्वास अडखळणे १ ते ४ दिवसांनीही उद्भवते.

हे विष बहुधा कातडीतून भिनते. गळक्या पंपाने भिजलेली पाठ दिवसभर तशीच राहते आणि त्यात दुकानदाराने माथी मारलेले तीन-चार औषधांचे महागडे मिश्रण असेल, तर डॉक्टरांनाही नेमके विष ओळखणे अवघड जाते. फवारणीच कमी लागावी म्हणून बोंडे पोखरणाऱ्या गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावावेत; प्रत्येक सापळ्यात सलग ३ रात्री दर रात्री ८ पतंग येईपर्यंत रासायनिक फवारा घेऊ नये. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. पऱ्हाटी डोक्यापर्यंत गेली असेल, तर माझ्या मते फवारणी टाळलेलीच बरी.

फवारणीच्या दिवशी:
पोटभर जेवून निघणे.
पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा, मास्क.
वाऱ्याकडे पाठ.
तंबाखू खिशात नको.
लेबलवर लाल त्रिकोण असलेले, म्हणजे अत्यंत विषारी औषध टाळणे.
एकट्याने न जाणे.
पंपात आधी साधे पाणी भरून पाठीवर घेणे. सदरा ओला झाल्यास त्या दिवशी औषध न भरणे.