चोर्ल्याच्या पठारावर सीतेची आसवं टिपताना

ऑगस्ट-सप्टेंबरात बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीहून चोर्ल्याकडे जाताना जांभ्याच्या ओल्या पठारांवर सीतेची आसवं फुलतात. फूल जेमतेम नखाएवढं. उभ्याने काढलेल्या फोटोत नुसता जांभळा ठिपका येतो, म्हणून कॅमेरा फुलाच्या उंचीला आणा. बहुतेक ट्रायपॉड तेवढे खाली जात नाहीत. कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरा, वरून प्लास्टिक गुंडाळा आणि कॅमेरा तिच्यावर टेकवा.

मॅक्रो (अगदी जवळून टिपणाऱ्या) लेन्सला छिद्र एफ/८, शटर १/३२० सेकंदाच्या आसपास. इथला वारा काही थांबत नाही, तेव्हा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० झाला तरी चालेल; हललेल्या फुलापेक्षा फोटोत थोडे दाणे (नॉइज) बरे. एका दमात दहा-बारा फ्रेम घ्या, एखादी नेमकी लागते. खरी गडबड रंगाची. जांभळा पटकन जास्त उजळून फुटतो आणि पाकळीवरच्या रेषा जातात. एक्स्पोजर ०.७ स्टॉपने कमी ठेवा, हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात) लाल आणि निळा वेगवेगळे तपासा. ऊन पडलंच तर छत्री धरा.

एसी गाडीतून उतरल्यावर लेन्सवर बाष्प धरतं. पुसत बसू नका, बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या.

गुडघा उघड्या कातळावरच टेका. ओल्या मातीत दवबिंदू नावाची इवली कीटकभक्षी रोपं असतात, ती पायाखाली गेलेली कळतही नाहीत.