ई-सिम टाकताय? आधी या चुका टाळा

गेल्या खरिपात केज तालुक्यातले एक काका माझ्या दुकानात आले. हातातल्या पिशवीत तांदूळ, तांदळात फोन. सोयाबीनवर फवारणी चालू होती. पंप भरायला वाकले आणि वरच्या खिशातला फोन थेट दोनशे लिटरच्या ड्रममध्ये गेला. "फोनचं राहू द्या, सिम तेवढं काढून ह्या डबड्यात टाका," म्हणत त्यांनी बटणाचा साधा फोन काउंटरवर ठेवला. मी पिन घालून ट्रे ओढला, तर ट्रे रिकामा. "कामून? सिम कुठं गेलं?"

पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं दिवाळीला नवा फोन घेऊन दिला, तेव्हाच त्यांचा नंबर ई-सिमवर टाकला होता. आता सिम हरवायची भीती नाही, एवढंच वडिलांना सांगितलं होतं.

ई-सिम म्हणजे फोनच्या बोर्डावरच बसवलेली चिप. तिच्यात कंपनी आपला नंबर इंटरनेटवरून उतरवते. त्यामुळे फोन मेला की नंबरही त्याच्याबरोबर अडकतो. काकांची पीएम किसानची ई-केवायसी राहिली होती, आधारचा ओटीपी त्याच नंबरवर येणार होता. शेवटी कंपनीच्या स्टोअरमध्ये आधार आणि अंगठा देऊन नंबर पुन्हा साध्या कार्डावर घेतला. नेटवर्क संध्याकाळी आलं, पण ओटीपी येईना. सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात. चोरट्यानं परस्पर सिम बदलून घेतलं तर त्याच्या हाती ओटीपी लागू नये म्हणून हा नियम आहे. काकांना मात्र दोन दिवस कामं सोडून तालुक्याला खेटे घालावे लागले.

म्हणून माझ्या मते पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच: घरात एकच चांगला फोन आणि आधार, बँक, विमा सगळं एकाच नंबरवर, तरी तो नंबर ई-सिमवर टाकणं. असा नंबर कार्डावरच राहू द्या. नेटसाठी घेतलेला दुसरा नंबर खुशाल ई-सिमवर टाका.

दुसरी बाजूही खरी आहे, ती लपवणार नाही. आठवडी बाजारात किंवा बसस्टँडवर फोन मारला गेला, तर चोर कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी आरामात वाचतो. ई-सिम त्याला काढता येत नाही. फोन चालू असेपर्यंत नंबरही त्यातच राहतो, त्यामुळे माग काढायला मदत होते. शहरात नोकरी करणाऱ्याला, ज्याच्याजवळ दुसरा फोन असतो आणि स्टोअर दोन चौकांवर असतं, मी ई-सिमच सुचवतो. कार्ड वापरणाऱ्यांनी सेटिंगमध्ये जाऊन सिम लॉक (सिमचा पिन) लावावं. मूळ पिन मात्र कंपनीला विचारूनच टाका. तीनदा चुकला की पीयूके (पिन अडकला की सिम उघडायचा कोड) मागतो, आणि तोही दहादा चुकला की कार्ड कायमचं बाद होतं.

उमरा-हजला जाणाऱ्यांनाही ई-सिम सोयीचं पडतं. आपलं कार्ड जागेवर ठेवायचं आणि तिथल्या नेटचा प्लॅन ई-सिमवर घ्यायचा.

दोन सिमचा फोन आहे म्हणजे ई-सिम चालणारच, असं धरून चालू नका. *#०६# डायल करा. आयएमईआयबरोबर (फोनचा ओळख क्रमांक) ३२ आकडी ईआयडी (ई-सिम चिपचा क्रमांक) दिसला तर सोय आहे. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ती नसते. आणि अमेरिकेतून पाहुण्यांनी आणलेला आयफोन १४ किंवा त्यानंतरचा असेल, तर त्यात कार्डाचा ट्रेच नसतो. असा सेकंडहँड फोन घेताना हे आधी बघा, नाहीतर जुनं कार्ड हातात घेऊन बसाल.

सिम वडिलांच्या नावावर आणि धडपड मुलाची, यातही लोक अडकतात. क्यूआर कोड कंपनीकडे नोंदवलेल्या ईमेलवर येतो. तो ईमेल कुणाचा आहे, उघडतो का, ते आधी तपासा. मग कोड दुसऱ्या फोनच्या पडद्यावर ठेवून स्कॅन करा. त्या वेळी फोनला वायफाय किंवा घरातल्या कुणाचा हॉटस्पॉट जोडलेला हवाच. जुनं कार्ड मध्येच बंद पडतं, त्याचं नेट जातं, आणि ई-सिम अर्धवट लटकतं. लाईट जायच्या वेळेला हे काम काढू नका, बॅटरीही भरलेली ठेवा.

नेटवर्क आलं नाही की लोक घाईघाईनं ई-सिम डिलीट करतात, हे तर नेहमीचंच. क्यूआर साधारण एकदाच चालतो. डिलीट केलं की नवा कोड मागवा, पुन्हा वाट बघा. आधी एअरप्लेन मोड लावून काढा, फोन बंद-चालू करा, ई-सिमची लाइन 'ऑन' आहे का बघा. फोन रीसेट करताना ई-सिम ठेवायचं की पुसायचं हे विचारतात, तिथं नीट वाचून 'ठेवा' निवडा. बोर्ड बदलला तर मात्र ईआयडीच बदलतो, मग नवं ई-सिम घ्यावंच लागतं.

लग्नसराईत किंवा बँकेचं काम तोंडावर असताना नंबर बदलायला काढू नका. एसएमएसचे २४ तास वर सांगितलेच. शिवाय सिम बदलल्यावर ७ दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही. नव्या फोनवर यूपीआय जोडायलाही फोनमधून एसएमएस जावा लागतो, म्हणून त्या दिवसापुरते रोख पैसे जवळ ठेवा.

शेवटची गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगा. "तुमचं सिम बंद होणार आहे, ई-सिमला होकार द्या" असा फोन येतो, लिंक येते किंवा आलेला कोड वाचून दाखवायला सांगतात. आपण होकार दिला की आपला नंबर त्या भामट्याच्या फोनमध्ये उतरतो आणि आपल्या फोनचं नेटवर्क गायब होतं. शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज आहे आणि तुमच्याच फोनला नाही, असं झालं तर टॉवरला दोष देत बसू नका. शेजाऱ्याच्याच फोनवरून आधी कंपनीला, मग बँकेला कळवून खातं थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) लावा.