संशोधनाची एमएस्सी कशी करावी

नेहमीच्या एमएस्सीत वर्ग, जर्नल आणि परीक्षा यांतच दिवस जातात. संशोधनाच्या एमएस्सीत बहुतेक सगळी भिस्त प्रबंधावर असते, आणि त्यासाठी सहसा १ ते २ वर्षंच मिळतात.

विषयाआधी गाइड शोधा. त्यांचे अलीकडचे पेपर वाचा, विद्यार्थ्यांची नावं पहिल्या लेखकाच्या जागी दिसतात का ते बघा. मग छोटासा मेल लिहा: कुठला पेपर वाचला, त्यात काय अडलं, तुम्हाला काय येतं. तोच मजकूर पन्नास जणांना धाडलात तर वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं. होकार देण्याआधी लॅबमधल्या मुलांना बाहेर चहाला गाठा. गाइड किती वेळा भेटतात? मसुदा किती दिवसांनी परत येतो? मागची मुलं वेळेत सुटली का? नाव मोठं पण दर्शन दुर्लभ अशा गाइडपेक्षा आठवड्याला अर्धा तास देणारा मी केव्हाही पत्करेन. विद्यावेतनाचं मात्र लेखी विचारून घ्या.

मग प्रश्न ठरवा, आणि तो लहान ठेवा. ‘प्रदूषणाचा वनस्पतींवर परिणाम’ यात जन्म जाईल. ‘रस्त्यापासून लांब जावं तसं अमुक झाडाच्या पानांतलं हरितद्रव्य वाढतं का?’ हे वर्षभरात जमण्यासारखं आहे. उत्तर ‘नाही’ आलं तरी प्रबंध उभा राहील का, हेही तपासा. राहत नसेल तर प्रश्न बदला.

किती नमुने घ्यायचे हे संख्याशास्त्र जाणणाऱ्याला आधीच विचारा. प्रयोग उरकल्यावर त्याच्याकडे जाणं म्हणजे शवविच्छेदन करायला सांगणं, असं संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९३८ मध्येच म्हणून गेले.

नोंदवहीत तारीख, रसायनाचा बॅच नंबर आणि फसलेले प्रयोगही लिहा. सहा महिन्यांनी तेच कामी येतात. डेटाच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाका.

लिखाण शेवटावर ढकलू नका. पद्धतींचं प्रकरण प्रयोग चालू असतानाच लिहून काढा, मग आकृत्या आणि निष्कर्ष. प्रस्तावना सगळ्यात शेवटी. मौखिक परीक्षा असेल तर तिथे परीक्षक कामाच्या मर्यादांवरच बोट ठेवतात. त्या मर्यादांची यादी आधीच करून न्या, आणि प्रबंधाची खुणा लावलेली छापील प्रत हाताशी असू द्या.